घर ते म्हातोबा टेकडी, ढिल्या पट्ट्यावर: प्रकल्प नोंदी

रविवार, २४ ऑगस्ट २०२५

उद्दिष्ट: वर्ष संपायच्या आत आमच्या कुत्रीला, टिकलीला, घरापासून म्हातोबा टेकडीच्या पायथ्यापर्यंत ढिल्या पट्ट्यावर चालवत नेता यावं, आणि ते बाबांनाही जमावं. बाबा रोज सकाळी टेकडीवर जातात. त्यांनी बूट काढले की टिकली दाराशी जाऊन बसते, आणि ते एकटे निघून गेले की जिन्याकडे बघत राहते. तिला नेण्याची त्यांची फार इच्छा आहे. पण दुसरं कुत्रं दिसल्यावर ती जी झेप घेते ती त्यांच्या गुडघ्यांना पेलणारी नाही.

टिकली गावठी आहे, रंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. वय दोनच्या आसपास. निवाऱ्यातून आणली तेव्हाच नसबंदी झालेली होती, डाव्या कानाला खाच आहे. लसी वेळच्या वेळी. घरात तिच्याइतकं समंजस कोणी नाही. रस्त्यावर मात्र भुंकणं कानावर पडलं की मान ताठ, शेपटी ताठ, आणि मग सगळं अंग पट्ट्याच्या टोकाला.

आमच्या कोथरूडच्या गल्ल्यांत भुंकण्याची चार ठाणी आहेत. पुढच्या नोंदींत त्यांना हीच अक्षरं वापरेन.

अ: कोपऱ्यावरचा बंगला, फाटकामागे जर्मन शेफर्ड.
ब: पहिल्या मजल्याच्या गॅलरीतला पॉमेरियन. वरून भुंकतो.
क: इस्त्रीवाल्या काकांच्या टपरीजवळची तीन गल्लीतली कुत्री. काळू, बिस्किट आणि एक तपकिरी मादी, जिला कोणी नाव दिलेलं नाही.
ड: टेकडीच्या अलीकडचं बांधकाम. तिथली संख्या बदलत असते.

सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालू आहे. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं होतं. परवा, २२ तारखेला, तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला: नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक असलेली सोडायची नाहीत, आणि खाऊ घालायला ठरावीक जागा असाव्यात. परत त्याच जागी सोडण्याचं तत्त्व २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही आहेच. आमच्यापुरता अर्थ एवढाच की क ची कुत्री क लाच राहणार. त्यांच्यातून वाट काढायची आहे.

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज टिकलीला न घेता, वही घेऊन फिरले. सकाळी साडेसहाला एकदा, संध्याकाळी सातला एकदा. गल्लीतून दुसऱ्या लोकांची कुत्री जातात तेव्हा कोण कुठून भुंकायला लागतं आणि कुठे थांबतं, हे बघायचं होतं.

क ची हद्द अगदी स्पष्ट आहे. एका बाजूला विजेचा डीपी, दुसऱ्या बाजूला ड्रेनेजचं मोडकं झाकण. समोरून येणाऱ्या बीगलनं झाकण ओलांडलं तशी तिघं उठली, शेपट्या वर, भुंकत डीपीपर्यंत आली आणि तिथे थांबली. बीगल दहा पावलं पुढे गेल्यावर काळू वळला, डीपीच्या खांबावर तंगडी वर केली आणि परत टपरीखाली जाऊन पसरला. त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं.

अ चा प्रकार वेगळा. शेफर्ड जाळीच्या आतून कुंपणाच्या पूर्ण लांबीभर धावतो, साधारण चाळीस फूट. त्याला बाहेर येता येत नाही, वास घेता येत नाही, फक्त दिसतं. दर वेळी समोरचं कुत्रं निघून जातं, आणि आपण भुंकलो म्हणूनच ते गेलं, असं त्याच्या डोक्यात पक्कं होत जातं. दिवसातून कितीतरी वेळा हाच धडा. म्हणून फाटकाआडचं कुत्रं मोकळ्या कुत्र्यापेक्षा जास्त तापलेलं असतं.

आवाजही वेगळे आहेत. काळूचं भुंकणं एकसुरी, थांबून थांबून. बाकीच्यांना बोलावणं असतं ते. बिस्किट मागे सरकत वरच्या पट्टीत भुंकतो, तो घाबरतो. तपकिरी मादी भुंकतच नाही, नुसती उभी राहून बघते. माझं लक्ष तिच्याकडेच जास्त आहे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गणपती आहेत. ढोल-ताशा, स्पीकर, रस्त्यावर मांडव. अनंत चतुर्दशीपर्यंत रस्त्यावरचा सराव बंद. पहाटे साडेपाचला फक्त सोसायटीच्या आवारात.

घरातला सराव सुरू. तीन शब्द ठरवले, तिन्ही बाबांच्या तोंडी सहज बसणारे. 'शोध' म्हणजे जमिनीवर टाकलेला खाऊ हुंगून शोधायचा. 'वळ' म्हणजे माझ्याबरोबर मागे फिरायचं. 'बरं' म्हणजे तू जे केलंस ते छान, खाऊ येतोय. 'वळ' हा शब्द बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत इतका खेळलो की आता ऐकला की ती हसऱ्या तोंडानं गिरकी घेते. तो असाच आनंदाचा शब्द राहिला पाहिजे. संकटातच वापरला तर तोच तिला संकटाची सूचना देईल.

सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं एक: दर्शनाला गेलो की लोक प्रेमानं टिकलीलाही प्रसाद देतात. पंचखाद्यातली खिसमिस, बेदाणे, मनुके, द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. एखाद्या कुत्र्याला थोड्यानंही बाधतं, आणि कोणाला बाधेल ते आधी कळत नाही. कांदा-लसूण आणि चॉकलेटही नाही. खोबऱ्याचा छोटा तुकडा चालतो. समोरच्या काकूंना सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी वाटीत वेगळं खोबरं काढून ठेवलं होतं.

बुधवार, १० सप्टेंबर

सामान. गळपट्ट्याला लीश लावणं बंद, छातीवरून जाणारा हार्नेस घेतला. पुढून बघितलं तर त्याच्या पट्ट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसतात, खांदे मोकळे राहतात. गळपट्टा असला की दुसरं कुत्रं दिसायला आणि गळा आवळायला एकच गाठ पडते, आणि ती त्या दोन्हींचा संबंध जोडते: कुत्रं दिसलं, गळ्याला त्रास झाला. लीश आठ फुटांची, साधी सुती. बटण दाबलं की आत जाणारी दोरीची लीश नको, तिच्यावर कायम ताण असतो, आणि मला ताण नसणं हेच शिकवायचं आहे.

कमरेला छोटी पिशवी. तिच्यात उकडलेली कलेजी, नखाएवढे तुकडे, मीठ न घालता. कलेजी रोज जास्त देऊ नये, म्हणून एक दिवसाआड पनीर.

काठी घ्या, असं जवळजवळ सगळे सांगतात. आमच्याकडे सकाळी फिरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात काठी असतेच. मी घेणार नाही. काठी उगारली की काळू मागे सरकतो, पण बिस्किट आणखी जोरात भुंकतो, आणि टिकली तर जमिनीला चिकटते. दगड उचलल्यासारखं वाकलं तरी हेच. गल्लीत वाढलेल्या प्रत्येक कुत्र्याला वाकलेल्या माणसाचा अर्थ कळतो, आणि टिकली गल्लीतच जन्मलेली आहे. गल्लीतली कुत्री जवळ आलीच तर मी तिच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहते, हात खाली, अंग थोडं तिरकं, आणि मूठभर खाऊ त्यांच्या पलीकडे टाकते. त्यांनाही खाली हुंगायला काहीतरी मिळतं. हुंगणाऱ्या कुत्र्याची शेपटी आपोआप खाली येते.

सोमवार, १५ सप्टेंबर

भाद्रपद. जुन्या लोकांना या महिन्यात कुत्र्यांचं काय होतं ते सांगावं लागत नाही. तपकिरी मादी माजावर आहे. तिच्या कानाला खाच नाही. काळू आणि बिस्किटच्या कानाला आहे, म्हणजे त्यांची नसबंदी झालेली आहे, पण बांधकामावरचे आणि मुख्य रस्त्यापलीकडचे नर येऊन पडले आहेत. रात्रभर मारामाऱ्या. रोजच्या हद्दी सध्या कोणी पाळत नाही, त्यामुळे माझा २६ ऑगस्टचा नकाशा महिनाअखेरपर्यंत बाजूला.

पालिकेकडे मादीची नोंद केली. तिला पकडायला गाडी आली, पण इतक्या नरांच्या घोळक्यात ती हाती लागली नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर पिल्लं. वहीत तारखेवर खूण करून ठेवली.

शनिवार, २० सप्टेंबर

अ च्या काकांकडे गेले. फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' ही पाटी, खाली हातानं लिहिलेलं 'बेल एकदाच वाजवावी'. एकदाच वाजवली.

काका आधी जरा तुटकच होते. "आमचा आत असतो, फाटक बंद असतं. तुम्ही पलीकडच्या बाजूनं का जात नाही?"

"जातेच आहे, काका. पण पलीकडूनही त्याला दिसतं. तो दिवसभर धावतो, दमतो. त्याच्या पंजांना काही झालंय का?"

यावर ते गप्प झाले, मग आत बोलावलं. शेफर्डच्या मागच्या पंजाची गादी फरशीवर घासून सोलवटली होती. वय नऊ. काकूंना त्याच्या भुंकण्यामुळे दुपारची झोप लागत नाही, हेही कळलं. मी सुचवलं की जाळीच्या खालच्या चार फुटांना हिरवी शेडनेट बांधू. त्याला वारा आणि वास मिळेल, समोरून जाणारे पाय दिसणार नाहीत. काका म्हणाले, "शोभा जाईल की हो फाटकाची." काकू आतून म्हणाल्या, "शोभा गेली तरी चालेल."

उद्या शेडनेट आणते. पैसे काका देणार आहेत, बांधायला मी जाणार.

रविवार, २८ सप्टेंबर

जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चर १८९५ मध्ये याच तारखेला गेले. त्यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या, पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या मुलाला लस द्यायला सुरुवात केली आणि तो वाचला. टिकलीची वार्षिक लस आज देऊन आणली.

इस्त्रीवाल्या काकांचा नातू सातवीत आहे. त्याच्याशी टपरीवर बसून बोलले, कारण क च्या कुत्र्यांशी त्याचाच सगळ्यात जास्त संबंध येतो. त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. कुत्रं चावलं, किंवा दात लागून नुसतं खरचटलं, तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. लसीचे सगळे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना, मधला एकही सोडायचा नाही. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते स्वतःहून विचारायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून 'बघू दोन दिवस' हे चालत नाही.

त्यानं विचारलं, "आणि ती भुंकत मागं लागली तर?" पळायचं नाही, सायकलवर असलास तर उतरून सायकल मध्ये धरायची, त्यांच्या डोळ्यांत न बघता हळूहळू त्यांच्या हद्दीबाहेर चालत जायचं. तो म्हणाला, "डीपीपर्यंत ना? तिथंच थांबतात ती." त्याला नकाशा माझ्या आधीपासून पाठ होता.

रविवार, ५ ऑक्टोबर

नरांची गर्दी ओसरली. क चा सराव सुरू झाला, आणि या सगळ्या प्रकल्पाचा गाभा हाच आहे, म्हणून सविस्तर.

टपरीच्या समोरच्या फुटपाथवर साधारण साठ फुटांवर एक बंद दुकान आहे. त्याच्या पायरीजवळ टिकलीला घेऊन उभी राहिले. काळू आणि बिस्किट टपरीखाली बसलेले. टिकलीनं त्यांना बघितलं. पहिली खूण तोंडाची: हापणारं, मोकळं तोंड मिटतं. मग कान पुढे येतात. मग वजन पुढच्या पायांवर जातं. मग शेपटीचं बूड ताठ होतं. यानंतरची पायरी झेप. हे सगळं एका श्वासात उरकतं, पण तोंड मिटल्यापासून कान पुढे येईपर्यंत जरा फट असते. माझं काम त्या फटीत.

तोंड मिटलं, मी 'बरं' म्हटलं, कलेजी तिच्या नाकाशी. तिनं खाल्ली. परत बघितलं, परत 'बरं', परत कलेजी. पट्टा सतत ढिला, माझ्या हातात जमिनीकडे लोंबणारा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुत्रं दिसणार, मग कलेजी येणार. उलटं केलं, म्हणजे लांबूनच कलेजी दाखवत तिला ओढत नेलं, तर तिच्यासाठी कलेजी ही 'आता कुत्री येणार' याची घंटा होते आणि ती कलेजीलाच बिचकायला लागते. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत याच क्रमाचा अभ्यास झाला होता: आधी खूण, मग अन्न. इथे काळू ही खूण आहे.

आणि खाणं हे माझं मोजमाप आहे. तिनं हातातून अलगद खाल्लं तर अंतर बरोबर. बोटांना दात लावत हिसकावलं तर अंतर कमी पडतंय. नाक फिरवलं, खाल्लंच नाही, तर आपण फार जवळ आलोय. मग काही शिकवायचं नाही, 'वळ' म्हणून परत फिरायचं. भीतीनं भरलेल्या पोटात अन्न जात नाही, माणसाच्याही नाही.

लोक विचारतात की भुंकल्याबद्दल तिला रागवत का नाही. रागावलं तर भुंकणं कदाचित थांबेल, पण आतलं घाबरणं तसंच राहील, आणि वरून एक खूण कमी होईल. न भुंकता झेप घेणारं कुत्रं बाबांच्या हातात द्यायची माझी तयारी नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

साठ फुटांवरून पन्नासवर. आज एक फार छान गोष्ट झाली. टिकलीनं काळूकडे बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडं, डोळे मऊ. म्हणजे 'काळू दिसला, आता तू काय देतेस?' हा हिशेब तिच्या डोक्यात बसायला लागला. मूठभर कलेजी एकदम दिली.

परतताना ब खाली पॉमेरियन भुंकला, एक रिक्षा कर्कश हॉर्न देत गेली, आणि मग निरुपद्रवी, म्हातारं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेलं एक पग समोर आलं. टिकली त्याच्यावर झेपावली. त्या पगनं काहीच केलं नव्हतं. ताण साठत जातो. आधीच्या दोन गोष्टींचा हिशेब तिसऱ्यावर निघतो. म्हणून ठरवलं: एका फेरीत एकच ठाणं. क चा सराव असेल त्या दिवशी परत येताना ब टाळून मागच्या बोळानं यायचं. आणि जड दिवसानंतर एक दिवस रस्त्यावर काहीच नाही, घरात जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत पोळीचे तुकडे लपवून शोधायचा खेळ.

अ: शेडनेटचा परिणाम दिसतो. शेफर्ड अजून भुंकतो, पण पाय जवळ वाजले की मगच, आणि धावत नाही. काकू म्हणाल्या की दुपारची झोप लागते आता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. फटाक्यांमुळे वसुबारसेपासूनच सराव बंद. पहाटे चारला पटकन सोसायटीमागे, बाकी वेळ घरात, खिडक्या बंद, पंखा मोठ्यावर. काल नरक चतुर्दशीला पहाटेच माळ लागली, तेव्हा टिकली न्हाणीघरात जाऊन बसली. तिला ओढून बाहेर काढलं नाही. तिची चादर तिथेच नेऊन दिली आणि बाबा दाराबाहेर पेपर वाचत बसले.

रात्री खाली गेले तर क ची तिघंही आमच्या पार्किंगमध्ये, एका गाडीखाली, एकमेकांना चिकटून थरथरत होती. सिक्युरिटीवाल्या मामांनी फाटक उघडं ठेवलं होतं. ग्रुपवर कोणीतरी हरकत घेतली. मामा म्हणाले, "चार दिवस आहेत, राहू द्या की." मी सेक्रेटरींशी बोलले. भाऊबीजेपर्यंत परवानगी मिळाली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काल न्यायालयाचा नवा आदेश: शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत. मुख्य रस्त्यावरच्या शाळेच्या पालकांना बरं वाटलं असेल, आणि ते समजण्यासारखं आहे. पाच वर्षांच्या मुलासमोर तीन कुत्री उभी राहिली की काय होतं ते मी टपरीवर पाहिलंय. माझी काळजी पुढच्या पायरीची आहे. नसबंदी झालेली, लस घेतलेली, मुलांना ओळखणारी कुत्री गेली आणि बाहेर कचरा व खाणं तसंच राहिलं, तर मोकळ्या जागेत बाजूची अनोळखी कुत्री येतात. म्हणून आमच्या वॉर्डात कुठल्या कुत्र्याच्या कानाला खाच आहे आणि कुठल्या नाही, याची यादी करायला घेतली आहे. खाऊ घालणाऱ्या ताई मदत करतायत.

टिकली: क, तीस फूट. पट्टा ढिला. बाबा आज पहिल्यांदा बरोबर होते, पिशवी त्यांच्या कमरेला. 'बरं' ते माझ्यापेक्षा जास्त मायेनं म्हणतात, त्यामुळे तिचं लक्ष त्यांच्याकडे जास्त.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तपकिरी मादी व्याली. टपरीमागे धूळ खात पडलेल्या एका गाडीखाली पाच पिल्लं. काल संध्याकाळी तिनं एका कुरिअरवाल्या मुलाच्या पँटचा पाय धरला. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, सरळ आली. जखम झाली नाही. क चा सराव पूर्ण बंद. सहा-सात आठवडे आम्ही समांतर गल्लीनं जाणार. तिला तिचं घर सांभाळू दे.

इस्त्रीवाल्या काकांनी गाडीच्या उघड्या बाजूला जुनं ताडपत्रीचं कापड टांगलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी खडूनं बाण काढून 'पलीकडून जा' लिहिलं.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर अनेक वर्षं काम करतो आहे. त्यांनी ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं, तर ८१ टक्के पिल्लं सात महिन्यांची व्हायच्या आतच गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंना माणसं कारणीभूत होती. गाड्या, मारहाण, विष, उचलून नेणं. हे वाचल्यापासून त्या गाडीकडे बघताना पोटात कालवतं. पाचातलं एक वाचणार, असा त्याचा साधा अर्थ. ताईंनी आणि मी पिल्लांसाठी घरं शोधायला सुरुवात केली.

रविवार, २३ नोव्हेंबर

सोसायटीची सभा. विषय: खाऊ घालण्याची जागा.

ताई रात्री दहाला क लाच, डीपीजवळ भात-चिकन घालतात. गेली कित्येक वर्षं, स्वतःच्या खर्चानं. त्यांना बोलणी खावी लागतात आणि त्या तरी येतात. पण डीपीजवळच सोसायटीचं फाटक आहे, आणि मुलांच्या क्लासची बस तिथेच थांबते. २०२३ चे नियम सांगतात की खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जाण्या-येण्याच्या दारांपासून आणि जिन्यांपासून लांब असावी, आणि वेळ अशी असावी की मुलांची, ज्येष्ठांची वर्दळ कमी असेल. ती ठरवण्याची जबाबदारी सोसायटीची किंवा स्थानिक संस्थेची. म्हणजे नियमांत ताईंना हाकलणंही नाही आणि फाटकात खाऊ घालणंही नाही.

दोन तास वाद झाला. एका काकांचं म्हणणं, खाऊच बंद करा, जातील. ताईंचं म्हणणं, भुकेली कुत्री जास्त चावतात. शेवटी बाबा उठले. ते सभेत सहसा बोलत नाहीत. म्हणाले, "वाटी हलवू. कुत्री वाटीमागं जातात." पाठीमागच्या भिंतीलगत, पाण्याच्या टाकीजवळची पडीक जागा ठरली. रात्री साडेदहा. खाऊन झालं की ताई वाटी उचलणार, जागा झाडणार. पाण्याचं मातीचं भांडं मात्र कायम तिथे.

वाटी एकदम नेली नाही. रोज थोडी थोडी पुढे सरकवायची, असं ठरलं. मादीला तिच्या गाडीजवळच वेगळं.

सोमवार, १ डिसेंबर

वाटी टाकीजवळ पोचली. काळू आणि बिस्किट आता संध्याकाळपासूनच टाकीच्या भिंतीवर बसलेले असतात. डीपी मोकळा! आज संध्याकाळी सातला दोन अनोळखी कुत्री डीपीसमोरून गेली, कोणी उठलं नाही. हद्द आठ दिवसांत हलली.

मला या सगळ्यात हे सगळ्यात मोलाचं वाटतं. टिकलीच्या डोक्यातलं बदलायला मी महिनोन्‌महिने कलेजी उकडतेय, आणि ते करावं लागतंच. पण गल्लीचा नकाशा मुळात अन्नाचा नकाशा आहे. वाटी, कचऱ्याचा डबा, चिकनचं दुकान, पोळीभाजी केंद्राची मागची बाजू. कुत्रं फिरवणाऱ्यानं आणि गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यानं एकमेकांशी बोललंच पाहिजे. आमच्याकडे ती दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना टाळत होती.

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती. देवळासमोर रांग, म्हणून लांबचा रस्ता. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, आणि देवळाच्या दारातून कुत्र्यांना हाकलत असतात. आज तिथल्या गुरुजींनी मात्र बाहेर एका परातीत पोळ्या काढून ठेवल्या होत्या. अ च्या काकांनी शेफर्डला पट्ट्यावर फिरायला काढलं होतं, मला तरी पहिल्यांदाच दिसलं. पन्नास फुटांवरून एकमेकांना बघितलं. टिकलीचं तोंड मिटलं, बाबा 'बरं' म्हणाले, ती वळली. शेफर्ड जमीन हुंगत राहिला. समोरासमोर सरळ न चालता दोघांनी धनुष्यासारखा वळसा घेतला. कुत्री मोकळी असली तर आपापसात अशीच जातात.

रविवार, १४ डिसेंबर

बाबा आणि टिकली टेकडीच्या पायथ्याशी पोचले. समांतर गल्लीनं, सकाळी पावणेसातला, पट्टा ढिला. मी वीस पावलं मागे होते, काही करावं लागलं नाही. ब ला पॉमेरियन भुंकला, बाबांनी 'शोध' म्हणून पदपथावर पनीर टाकलं, ती हुंगत राहिली आणि वरचा आवाज वरच राहिला.

ड बाकी आहे. बांधकामावर काल एकंदर सहा दिसली, दोघांच्याच कानाला खाच. मुकादमांना भेटले, मजुरांच्या जेवणाचं उरलेलं जिथे टाकतात ती जागा रस्त्याच्या कडेला आहे, ती आत हलवायला ते तयार आहेत. तोपर्यंत बाबा पायथ्याजवळ रस्ता ओलांडून पलीकडून जाणार.

पिल्लं चार आहेत. एक गेलं, रात्री गाडीखाली आलं. दोघांसाठी घरं पक्की: एक इस्त्रीवाल्या काकांच्या भावाकडे वारज्याला, एक ताईंच्या मैत्रिणीकडे. आठ आठवडे आईजवळ राहू द्यायची, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत. दूध आटलं की मादीच्या नसबंदीसाठी गाडी बोलवायची. संस्थेशी बोलणं झालंय, ताई तिला हातानं खाऊ घालून पिंजऱ्याची सवय करतायत. तिचं नाव आता मोहरी ठेवलंय, यादीत लिहायला काहीतरी हवं होतं.

या आठवड्यातली कामं: शेडनेटची डावी बाजू सुटली आहे, तार न्यायची. उरलेल्या दोन पिल्लांचे फोटो काढायचे. बाबांना 'वळ' चा सराव पार्किंगमध्ये रोज दहा मिनिटं, दोन्ही हातांनी पट्टा धरून.